क्रॉसिंग

आम्ही मराठीचे अध्यापक. बांद्याहून मडुरे स्थानक गाठायचे आणि पॅसेंजरने कुडाळकडे निघायचे, हा आमचा परिपाठ. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे रोह्यापासून ठोकूरपर्यंत सलग धावू लागली, तेव्हा आम्ही विद्यार्थी होतो. पुढे २०२२ साली विद्युतीकरण पूर्ण झाले आणि डिझेल इंजिनाची घरघर मावळत गेली. २०२३च्या जूनमध्ये, सिंधुदुर्गात केवळ कणकवलीचा थांबा घेऊन, ‘वंदे भारत’ सुरू झाली.

बदल खरेच आहेत. पण रोहा ते वीर हा टप्पा वगळता मार्ग एकेरीच आहे. समोरून वेगवान गाडी यायची असली, की पॅसेंजरने बाजूच्या रुळावर थांबायचे. पूर्वी ही प्रतीक्षा इंजिनाच्या आवाजात बुडून जाई. आता शांततेत ती अधिक जाणवते.

आमचे अनेक विद्यार्थी हाच प्रवास करतात. कोण थांबतो आणि कोणाला आधी वाट मिळते, हे ते रोज पाहतात. निबंधात मात्र ‘कोकण रेल्वे ही विकासाची जीवनवाहिनी’ असे लिहितात आणि आम्ही त्या वाक्याला गुण देतो. दोष त्यांचा नव्हे. अनुभव बाजूला थांबवून तयार शब्दांना वाट करून द्यायला आम्हीच त्यांना शिकवले.

पुढील सत्रात निबंधाचा विषय ‘कोकण रेल्वे’ नव्हे, तर ‘क्रॉसिंग’ असा द्यावा, असे आम्हांस वाटते. कोणी तो मालवणीत लिहिला, तरी गुण कापू नयेत.