आगीशी लढायचे तर शिस्त हवी

१४ एप्रिल म्हणजे भीमजयंती. याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

वस्तीत आग लागली की बंब गल्लीच्या तोंडाशीच अडतो. आत धावतात ती आपलीच पोरे. जिगर असते, प्रशिक्षण नसते. मग धुरात गुदमरतात. म्हणून आम्ही म्हणतो, जेथे नागरी संरक्षण दल आहे तेथे तरुण-तरुणींनी स्वयंसेवक म्हणून रीतसर नाव नोंदवावे आणि अग्निशमनाचे शिक्षण घ्यावे. मात्र हा हौसेचा मामला नाही. १९६८ च्या नागरी संरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाविना हुकूम टाळणाऱ्या सदस्याला दंड होऊ शकतो. सराव चुकवायचा नाही, हाक आली की निघायचे, हुकमाशिवाय आत शिरायचे नाही.

पण बांधिलकी एकतर्फी नसते. स्वयंसेवकाला बूट, शिरस्त्राण आणि विमा देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याचा जीव फुकटचा नाही! जयंतीच्या मिरवणुकीत शिस्त राखणारे हात वर्षभर वस्तीही राखू शकतात. येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने किमान पाच नावे द्यावीत.