कुठलं 'एएसआय'?

सबमिशनला बारा दिवस उरले होते आणि माझ्या हातात होती एक तळटीप. 'एएसआय, १९७४-७५'. बस, एवढीच. ना लेखक, ना प्रकाशक, ना पान नंबर. अर्थशास्त्राच्या एका जुन्या प्रबंधात, सोलापूरच्या कापडधंद्यातल्या मजुरीबद्दलच्या वाक्याखाली ती टाकलेली होती. मला ते मजुरीचे आकडे मुळातून बघायचे होते.

ग्रंथालयात जाऊन चिठ्ठी भरली. काउंटरवरच्या काकांनी ती वाचली, मान हलवली आणि अर्ध्या तासाने एक खंड आणून माझ्यासमोर ठेवला. उघडला तर आत खापरांची रेखाटनं, मातीच्या थरांचे नकाशे, कुठल्या जिल्ह्यात काय सापडलं त्याची टिपणं. मजुरीचा पत्ताच नाही! काकांनी आणलेला होता 'इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू', म्हणजे पुरातत्त्व खात्याचा वार्षिक आढावा. मला हवी होती 'अ‍ॅन्युअल सर्व्हे ऑफ इंडस्ट्रीज', म्हणजे उद्योगांची वार्षिक पाहणी. दोन्हीकडे एएसआय, आणि दोघांचीही वर्ष लिहायची पद्धत तीच : १९७४-७५. काकांचं काय चुकलं? खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही पक्कं माहीत नव्हतं की मी नक्की काय मागतोय.

(तो खंड मी तासभर वाचला, हे कबूल करतो. डेक्कन कॉलेजचं इनामगावचं उत्खनन चालू होतं, तोच तो काळ. सबमिशन जवळ आलं की नको ते वाचण्यात फार गोडी वाटते.)

मग मी ही तीन अक्षरं कुठे कुठे भेटतात ते बघायला लागलो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ही सगळ्यांना माहीत असलेली एएसआय. १८६१ सालची, अलेक्झांडर कनिंगहॅमची. अजिंठा-वेरूळला तिकीट काढताना जिचा बोर्ड दिसतो तीच. दुसरी उद्योगांची पाहणी. पहिली झाली १९६० साली, १९५९ या वर्षासाठी. तिसरी भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण, १९४५ साली स्थापन झालेली, मुख्यालय कोलकात्यात. पोलीस ठाण्यात एएसआय म्हणजे सहायक फौजदार. आणि आता एआयवर बोलणारी मंडळी हीच अक्षरं माणसाला मागे टाकणाऱ्या महाबुद्धिमत्तेसाठी वापरतात. मी एका चॅटबॉटला ती तळटीप जशीच्या तशी दिली. त्याने क्षणाचाही विचार न करता 'पुरातत्त्व' सांगितलं, तेसुद्धा काकांपेक्षा जास्त आत्मविश्वासाने.

यातली पहिली आणि तिसरी संस्था एकाच सांस्कृतिक मंत्रालयाखाली आहेत, आणि खरा गुंता तिथेच होतो. हडप्पा, मोहेंजोदडोसारख्या ठिकाणी उत्खनन केलं पुरातत्त्ववाल्यांनी. तिथे मिळालेले मानवी सांगाडे अभ्यासासाठी पुढे गेले मानवशास्त्रवाल्यांकडे, कोलकात्याला. आता कुणी लिहिलं की 'हे अवशेष एएसआयच्या ताब्यात आहेत', तर तुम्ही अर्ज पाठवणार कुठे, दिल्लीला की कोलकात्याला? मानवशास्त्रवाल्यांनी हा घोळ टाळायला आपल्या लघुरूपात एक छोटा 'एन' घातला आहे. पण बाहेर लिहिणारे तो 'एन' खुशाल गाळतात.

गंमत म्हणजे, मराठीत ही नावं पूर्ण लिहिली की भांडणच मिटतं. पुरातत्त्व, मानवशास्त्र, उद्योग. एकाचं पहिलं अक्षर दुसऱ्याशी जुळत नाही. इंग्रजीत मात्र तिघंही 'ए'च्या दारात येऊन उभे राहतात.

म्हणून मराठीने फार कॉलर ताठ करू नये. पत्त्यात 'ता.' म्हणजे तालुका आणि पत्राच्या माथ्यावर 'ता.' म्हणजे तारीख. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर 'सं.' म्हणजे संपादक, शब्दकोशात संस्कृत आणि जुन्या कालगणनेत संवत. आपल्याला ते संदर्भाने कळतं. पण मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसाला विचारून बघा. शिवाय आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे 'बीपी' देवनागरीत लिहिलं की आणखी पंचाईत. पुरातत्त्वात बीपी म्हणजे 'आजपासून इतकी वर्षं आधी', आणि त्यांचा 'आज' १९५० सालीच थांबलेला आहे. जनुकशास्त्रात स्मॉल अक्षरांतलं बीपी म्हणजे डीएनएतल्या बेस जोड्या. प्राचीन डीएनएच्या संशोधनात दोन्ही लागतात. तिथे वाचता वाचता तिसरं, डॉक्टरवालं बीपी वाढतं.

'संदर्भाने कळतं की!' हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत खूप ऐकलं. कॅन्टीनमध्ये, सेमिनारमध्ये, व्हायवाच्या आधी. मुद्दा असा की संदर्भ ज्याच्याकडे असतो त्यालाच तो कळतो. ज्याच्या घरी आई-वडील प्राध्यापक आहेत, ज्याने शाळेपासून असे शब्द जेवणाच्या टेबलावर ऐकले, त्याला एएसआय ऐकल्याबरोबर योग्य ते चित्र दिसतं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं घरातली पहिलीच पदवीधर. सेमिनारमध्ये कुणी धडाधड लघुरूपं फेकत असेल तर आम्ही काय करतो? मान डोलावतो आणि वहीत ती अक्षरं उतरवून घेतो, रूमवर जाऊन शोधू म्हणून. हात वर करून 'सर, म्हणजे काय?' विचारलं की मागून कुणीतरी हसतंच. 'एवढंही माहीत नाही?' हा प्रश्न मी स्वतः ऐकलाय. आणि लाज वाटते, पण एका ज्युनिअरला मी तो विचारलासुद्धा आहे.

लघुरूपं बंद करा असं मी म्हणत नाहीये. 'भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण' चाळीस वेळा लिहायला मलाही कंटाळा येईल. पण पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण नाव लिहायला काय जातं? एक ओळ जाते. हा नियम प्रत्येक पद्धतीच्या पुस्तकात असतो आणि तळटिपांमध्ये सर्रास मोडला जातो, कारण तळटीप कुणी वाचतच नाही असं लिहिणाऱ्याला वाटत असतं. तळटीप आम्ही वाचतो हो. आम्हाला पुढचा रस्ता तिथूनच सापडतो.

आणि पूर्ण नावात फक्त पत्ता नसतो, हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

शेवटी मला बरोबर खंड मिळाला. दुसऱ्या ग्रंथालयात, सबमिशनच्या चार दिवस आधी. नावातल्या 'इंडस्ट्रीज'ला काय म्हणायचंय ते म्हणून आधी वाचून काढलं. या पाहणीत 'उद्योग' म्हणजे मुख्यतः १९४८ च्या कारखाना कायद्याखाली नोंदवलेले कारखाने. म्हणजे वीज वापरत असाल तर निदान दहा कामगार, वीज नसेल तर वीस.

माझे आजोबा त्या काळात सोलापुरात यंत्रमागावर टॉवेल विणायचे. मी हा विषय घेतला तो त्यांच्यामुळेच. त्यांच्या शेडमध्ये सहा जण होते. वीज होती, दहा माणसं नव्हती. म्हणजे ज्या आकड्यात मी त्यांची मजुरी शोधत होतो, त्या आकड्यात ते नव्हतेच. जुन्या प्रबंधातलं ते वाक्य 'सोलापूरच्या कापड कामगारांची मजुरी' असं छातीठोकपणे सांगत होतं आणि खाली तीन अक्षरं ठेवून पुढे गेलं होतं. 'नोंदणीकृत कारखान्यांची पाहणी' असं तिथे लिहिलं असतं, तर वाचणाऱ्याने एकदा तरी विचारलं असतं, मग नोंद नसलेल्यांचं काय?

आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या शेडमध्ये कोण येणार होतं मोजायला? मालक आठवड्याला हातावर पैसे ठेवायचा." मग त्यांनी तेव्हाचा आठवड्याचा आकडा सांगितला. तो मी वहीत लिहून घेतला.

माझ्या प्रबंधात पहिल्या तळटिपेत पाहणीचं नाव पूर्ण लिहिलंय, कुठले कारखाने त्यात येतात आणि कुठले येत नाहीत, यासकट. तळटीप सहा ओळींची झाली. गाइडनी समासात पेन्सिलीने 'एवढं कशाला?' असं लिहून परत दिलंय. उद्या त्यांना भेटायला जातोय, आजोबांचा आकडा घेऊन.