सामान उक्तं देऊ नका

पुण्याच्या पेठांमध्ये सध्या कुठला ना कुठला वाडा रिकामा होतच असतो. बिल्डरशी करार होतो, ताबा द्यायची तारीख ठरते आणि मग माळ्यावर, फडताळांत, जिन्याखालच्या खोलीत तीन पिढ्यांनी रचून ठेवलेल्या सामानाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक घरांत त्याचं उत्तर एकच असतं. ओळखीतून जुन्या सामानाचा एखादा व्यापारी बोलवायचा. तो खोल्यांतून फेरी मारतो, एक आकडा सांगतो आणि दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो लागतो. सगळं उक्तं. घरातलं सामान असं उक्तं देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भावंडांच्या परतीच्या विमानाची तिकिटं काढलेली असली, सगळे दमलेले असले, तरीही देऊ नये.

माझी नोकरी बँकेत झाली. सोनं तारण घेताना आम्ही सराफाकडून कस लावून घ्यायचो, ग्राहकासमोर वजन करायचो, पावतीवर नग लिहायचो. एक ग्रॅम इकडचा तिकडे झाला तरी ग्राहक काउंटरवर भांडायला उभा राहायचा, आणि त्याचं बरोबरच होतं. तीच माणसं आजीच्या हातचं तांब्या-पितळेचं अख्खं भांडार न मोजता देऊन टाकतात, याचा मला त्रास होतो.

उक्त्या व्यवहारात नुकसान कसं होतं ते समजून घ्यायला हवं. व्यापारी भाव करतो तो घरातल्या सगळ्यांत हलक्या मालाच्या हिशेबाने. मोडकी कपाटं, गाद्या, स्टीलचे डबे बघून तो आकडा सांगतो आणि त्याच आकड्यात घंगाळं, समया, शिसवी दिवाण, झोपाळ्याच्या पितळी कड्या घेऊन जातो. यात तो फसवणूक करतो असं मी म्हणणार नाही. आपल्याला काय विकतोय तेच माहीत नसतं आणि त्याला ते माहीत असतं, एवढाच फरक आहे.

आई गेल्यावर सदाशिव पेठेतलं आमचं घर आवरायची वेळ आली, तेव्हा आम्ही सगळ्यांत आधी धातू वेगळे केले. तांबं एका बाजूला, पितळ एका बाजूला, कासं तिसऱ्या बाजूला. मोडीच्या बाजारात तांब्याचा भाव पितळेपेक्षा बराच वर असतो. काशाचं तर फारच वाईट होतं, कारण मळलेलं कासं नि मळलेलं पितळ दिसायला सारखंच. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कथील तांब्याहूनही महाग, त्यामुळे काशाची थाळी पितळेच्या ढिगात गेली की निव्वळ तोटा. ओळखायची रीत सोपी आहे : भांडं बोटांवर अधांतरी धरायचं आणि टिचकी मारायची. काशाचा नाद लांबतो, पितळेचा पटकन विझतो. पायाला तूप चोळायची वाटी आमच्या घरी काशाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिच्याच जातीची ताटं फडताळाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली निघाली.

वजन करतानाही बघावं लागतं. आमचा बंब तांब्याचा, पण त्याच्या पोटात निखाऱ्यांची लोखंडी जाळी आणि खाली लोखंडी पाय. मोड घेणारे गृहस्थ म्हणाले, ‘‘लोखंडाची घट धरतो अंदाजाने.’’ भाऊ काही बोलला नाही. त्याने पाना आणला, जाळी काढली, गंजलेल्या पायांचे बोल्ट रॉकेल घालून सैल केले आणि नुसता तांब्याचा बंब काट्यावर ठेवला. त्यांनी अंदाजाने जेवढं लोखंड धरलं होतं त्याच्या निम्मंही भरलं नाही. त्यानंतर प्रत्येक भांड्याचे लोखंडी कान, कड्या, आतली लाख आम्ही आधीच काढून ठेवली, आणि भावही एकाचा न घेता तिघांचा घेतला.

पण मोडीत घालायचं ते फुटलेलं, चेपलेलं, भोक पडलेलं. धड भांडं वजनावर देऊ नये. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हाताने ठोकून भांडी घडवली जातात. तिथे ठोक्यांच्या खुणा असलेलं नवं घंगाळ काय भावाला पडतं ते एकदा विचारून यावं, म्हणजे घरातल्या जुन्या घंगाळाकडे बघायची नजर बदलते. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नुसती चक्कर मारली तरी लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे वस्तू म्हणून काय भावाने मागितले जातात ते कळतं. मुंबईकरांसाठी चोरबाजारातली मटण स्ट्रीट आहे. विकायला जाऊ नका, आधी नुसतं ऐकायला जा. आम्ही तसंच केलं. हंडे, घंगाळं आणि समया एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने नगावर घेतल्या आणि मोडीच्या जवळजवळ दुप्पट पैसे दिले.

हेच भिंतीवरच्या तसबिरींचं. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथली लक्ष्मी-सरस्वती महाराष्ट्रातल्या घराघरांत लागली. या मूळ छापील चित्रांना संग्राहक शोधत असतात. काही घरांत तर आजीने-पणजीने त्या देवीच्या साडीवर टिकल्या आणि जर शिवलेली असते. काच फुटली म्हणून अशी तसबीर कचऱ्यात जाताना मी पाहिली आहे. आणि जुनी पैठणी जर घेणाऱ्याला वजनावर देऊ नका. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली ती जर जाळून तो चांदी काढतो, म्हणजे विणकराची सगळी मेहनत भट्टीत जाते. पदर शाबूत असेल तर साडी साडी म्हणूनच विकावी.

स्टीलची भांडी, प्लायवूडची कपाटं, गाद्या, मिक्सर यांत मात्र जीव घालू नये. ते खुशाल उक्तं द्यावं, नाहीतर घरी काम करणाऱ्या मावशींना विचारून हवं ते आधी त्यांना द्यावं. सगळ्याच सामानावर सारखा वेळ घालवायला गेलं की माणूस थकतो आणि मग शेवटी पुन्हा टेम्पोवालाच जिंकतो.

बाजाराआधी घरचा हिशेब येतो, आणि तिथे आपण जास्त चुकतो. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा, मुलगी, विधवा, आई यांचा वाटा सारखा असतो, आणि तो फक्त जागेपुरता नसतो. घरातल्या समईतही बहिणीचा वाटा आहे. जागेच्या कागदांवर बहिणींची सही घ्यायला सगळे धावतात. भांडी विकताना त्यांना कुणी फोनही करत नाही. मग दहा वर्षांनी एखाद्या लग्नात, ‘‘आईची ती परात कुठे गेली गं?’’ असं कुणीतरी विचारतं आणि जेवण कडू होतं.

आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चांगल्या वस्तूचा बाहेर किती भाव येतो तो आधी लिहून ठेवला. मग ज्याला वस्तू हवी त्याने आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा, तिघांच्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या, ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू, आणि ते पैसे सामाईक रकमेत. ती रक्कम शेवटी तिघांत सारखी. न्यू जर्सीहून धाकटी बहीण व्हिडिओ कॉलवर होती. तिची चिठ्ठी माझी मुलगी लिहायची. आईच्या पोहे भिजवायच्या रोळीला बाजारात काडीची किंमत नव्हती, आणि तिच्यासाठी धाकटीने झोपाळ्याच्या कड्यांहून मोठा आकडा लावला. भाऊ हसला नाही. म्हणाला, ‘‘ताई, ही तिला अशीच देऊया, पैसे नकोत.’’ ही रीत मला फार न्याय्य वाटते. ज्याचा जीव अडकलाय त्याला वस्तू मिळते, बाकीच्यांना पैसे मिळतात, आणि कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

देवांचं मात्र वेगळं. धाकटीला देवघरातले टाक आणि बाळकृष्ण न्यायचे होते. १९७२ चा पुरावशेष कायदा सांगतो की शंभर वर्षांवरची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तेवढी जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेता येतो, पण आमचे टाक पणजोबांच्याही आधीचे. ते भावाकडे नाशिकला गेले. त्याच कायद्याने शंभर वर्षांवरच्या मूर्ती आणि चित्रांची नोंदणी करावी लागते आणि परवान्याशिवाय पुरावशेषांचा व्यापार करता येत नाही, म्हणून घेणाऱ्याला परवाना विचारायला संकोच करू नये. दिवाणखान्यातली सांबरशिंगं, वाघाचं कातडं, हस्तिदंती फण्या यांची तर विक्रीच बेकायदा आहे. त्यासाठी वनखात्याकडे जायचं.

आणि कागद. उक्त्या व्यवहारात सगळ्यांत आधी हरवतात ते कागद, कारण त्यांना कुणीच किंमत लावत नाही. रुमालात बांधलेली मोडी दप्तरं, जमाखर्चाच्या वह्या, जुनी पत्रं रद्दीच्या काट्यावर जातात. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे असे बावीस खंड झाले, ते अशाच जुन्या घराण्यांतल्या दप्तरांतून. त्यांनी १९१० मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे. दिनकर केळकरांनी दौती, अडकित्ते, दिवे जमवले तेही लोकांच्या घरांतूनच; आज तो संग्रह शुक्रवार पेठेत राज्य सरकारचं संग्रहालय म्हणून उभा आहे. जुन्या वाड्यातला एखादा दरवाजा किंवा दिवा विकण्याआधी तिथलं दालन एकदा पाहून यावं. विकायचं की द्यायचं, याचा निर्णय तिथे उभं राहून जास्त नीट होतो. आमच्या घरात एकच रुमाल निघाला, बहुतेक सावकारी हिशेबाचा. आम्ही तो विकला नाही.

ज्यांचे आईवडील अजून आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्याबरोबर माळा उतरवा. कोणतं भांडं कुणाच्या लग्नातलं, कोणतं माहेरून आलेलं, कुठल्या पेटीत कागद आहेत आणि त्यांना काय कुणाला द्यायचंय, हे त्यांच्या तोंडून वहीत उतरवून घ्या आणि त्या वहीची एक प्रत प्रत्येक भावंडाला द्या, बहिणींना आधी.