भाव दिसतो, हिशेब दिसत नाही

मध्य प्रदेशातल्या आमच्या मोहगावात कापूस आणि संत्रा पिकतो. माल सौसर-पांढुर्ण्याला नेता येतो, संत्रा नागपूरच्या कळमन्यालाही. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’वर बाजारवार किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतात. माहिती मोलाची, पण आकड्यांच्या रांगांत अडकलेली. दोन राज्यांतले बाजार शेजारी ठेवून, गाडीभाडं, हमाली वजा जाता हाती काय उरेल, हे मोबाइलवर बोट फिरवताच दिसलं पाहिजे. आधी सगळं चित्र, मग हवं ते जवळून, तपशील मागितल्यावरच, माहिती दाखवण्याची ही रीत संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये मांडली.

माझा खरा आग्रह अशा पडद्याच्या चाचणीचा आहे. शेतकऱ्यांना ‘आवडलं का?’ विचारलं तर पाहुण्याचं मन राखायला सगळेच हो म्हणतील. त्याऐवजी विचारा, “काकाजी, उद्या माल कुठं नेता?” उत्तर बरोबर येतं का, कुठे बोट अडतं, ते पाहा. ही चाचणी वातानुकूलित खोलीत नको. भर उन्हात, तडकलेल्या पडद्यावर, आणि मराठीत. जिल्हा मध्य प्रदेशातला असला तरी आमच्या घरातला हिशेब मराठीतच होतो. आमचा पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्हा प्रशासनाने अशी पहिली चाचणी येत्या कापूस वेचणीतच घ्यावी.