एक्स-रे : यंत्र एकच, माणसे निराळी



घरात तिफण एकच असते. पण बाजरी आणि हरभरा आपण एकाच खोलीवर पेरतो काय? बियाणे पाहून, जमिनीची ओल पाहून खोली धरावी लागते. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या यंत्राचेही तसेच आहे. यंत्र तेच, पण त्याच्यापुढे दोन वर्षांचे रडते लेकरू आहे, पाठीला पोक आलेली आजी आहे, की ट्रॅक्टरखालून नुकताच काढलेला गडी आहे, यावर फोटो कसा घ्यायचा ते ठरते. यातले निम्मे काम यंत्र चालविणाऱ्याचे असले, तरी निम्मे सोबत गेलेल्या घरच्या माणसांचे असते. म्हणून आजचे हे पान.

आपण 'फोटो' म्हणतो, पण खरे पाहता ती सावली आहे. १८९५ साली जर्मनीत राँटजेन या शास्त्रज्ञाला हे किरण सापडले. ते कसले आहेत हे कळेना, म्हणून त्यांना 'एक्स' म्हणजे अज्ञात असे नाव पडले. हाड हे किरण अडविते म्हणून पांढरे दिसते. फुप्फुसातल्या हवेतून ते सहज पार होतात म्हणून ती जागा काळी दिसते. सावली म्हटली की दोन गोष्टी आल्या. माणूस हलला की सावली फिसकटते. आणि एकाच बाजूने पाहिले तर सगळे कळत नाही; वाकलेली काठीसुद्धा एका बाजूने सरळच दिसते. म्हणून मोडलेल्या हाडाचे समोरून आणि कडेने असे दोन फोटो काढतात. 'एकात भागले असते, उगीच पैसे लावले' असे मनात आणू नका.

आता आधी लेकरांचे पाहू.

लहान मूल 'हलू नको' म्हटल्याने थांबत नाही. म्हणून त्याचा फोटो अगदी क्षणभरात घेतात आणि किरणही मोठ्या माणसापेक्षा कमी सोडतात. छातीचा फोटो असेल तर जाणता माणूस रडणे थांबायची वाट पाहत नाही; रडता रडता मूल मोठा श्वास ओढते, नेमका तोच क्षण तो धरतो. मुलाला धरायला आई किंवा बापच बरा. धरणाऱ्याने शिशाचा जड अंगरखा मागून घालावा. घरात कोणी गरोदर असेल, नुसती शंका असली तरी, तिने धरायला जाऊ नये. गरोदर बाईचा स्वतःचाच फोटो काढायचा असेल, तर तिने ते आधी सांगावे. इथे लाज कामाची नाही.

वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी कोवळा, वाढीचा भाग असतो. तो फोटोत दिसत नाही आणि तिथे फट असल्यासारखे वाटते. एकट्या कोपराजवळ हाडाचे सहा ठिपके निरनिराळ्या वयात उमटतात. नवख्या डोळ्याला तो मोड वाटतो आणि कधी खरा मोड तसाच सुटतो. म्हणून मुलाचे वय नेमके सांगा. शाळेत घातलेली जन्मतारीख नको, खरी सांगा. शिवाय कोवळे हाड पुष्कळदा पुरते मोडत नाही. लिंबाच्या हिरव्या फांदीसारखे एका अंगाला चिरते आणि वाकते. 'बोटे हलतात, म्हणजे हाड शाबूत' हा आपला ठोकताळा तिथे फसतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती शेंगा फोडणाऱ्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. मुलाने नाणे गिळले तर ते फोटोत स्वच्छ दिसते. पण श्वासनळीत गेलेला शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा किंवा सीताफळाची बी फोटोत सहसा दिसत नाही. खाता खाता मुलाला एकदम ठसका लागला, मग थोडे बरे वाटले, पण खोकला आणि घरघर राहिली, तर 'त्या वेळी ते शेंगदाणे खात होते' हे एक वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते ऐकले की श्वास सोडतानाचा किंवा कुशीवर निजवून वेगळा फोटो काढता येतो. एका बाजूच्या फुप्फुसात हवा कोंडली आहे का, हे त्यातून कळू शकते. तरीही उलगडा झाला नाही तर दुर्बीण घालून पाहावे लागते. न सांगितले तर मूल खोकल्याच्या औषधावर महिना काढते. आणि घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बटणासारखी बॅटरी गिळली असेल, तर एक घटकाही दवडू नका. अन्ननळीत अडकलेली बॅटरी काही तासांत आतून भाजते.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांकडे वळू.

म्हाताऱ्या माणसाला टणक टेबलावर सपाट निजवता येत नाही. पोक असते, गुडघे सरळ होत नाहीत. अशा वेळी उशा लावून, कुशीवर निजवून किंवा बसवून फोटो काढता येतो. तसे विनंती करून सांगा. त्यांची कातडी पातळ झालेली असते, ओढताना सोलवटते. म्हणून चादरीवर घेऊन चौघांनी उचलावे. ऐकू कमी येत असेल तर 'श्वास धरा' म्हणजे काय करायचे, ते बाहेर बाकावरच दोनदा करून घ्या. थंडी वाजते, म्हणून अंगावर घोंगडी असू द्या. फोटोपुरती बाजूला करता येते.

इथे माझ्या आत्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांमागे ती न्हाणीत घसरली. फोटो काढला, त्यात काही दिसले नाही. आम्ही सगळे निर्धास्त झालो आणि 'चाललीस तर मोकळी होशील' म्हणून तिच्या मागे लागलो. ती सांगत होती, 'बाबा, पाय टेकला की जांघेत कळ येते रे.' मी स्वतः वैद्यकी करणारा माणूस. तरी म्हातारपणाची कुरकुर म्हणून सोडून दिले. आठव्या दिवशी तिचा पाय आखूड दिसू लागला आणि बाहेरच्या अंगाला कलला. दुसऱ्या फोटोत खुब्याचे हाड मोडून सरकलेले होते. पहिल्या दिवशी ती केसाएवढी चीर असणार. आम्हीच तिला चालवून ती वाढविली. शस्त्रक्रिया झाली, पण आत्या पुन्हा मळ्यात आली नाही. फोटो खोटा नव्हता. आम्ही माणसाचे ऐकले नाही.

तेव्हा पडल्यानंतर म्हाताऱ्या माणसाला पाय टेकवत नसेल आणि फोटो चांगला आला असेल, तर चालवू नका. 'अजून दुखते आहे' म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे जा. साध्या फोटोत न दिसणारी चीर सीटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये सापडू शकते. आणि खुबा मोडल्याचा संशय असेल तर दुखरा पाय वळवायचा नसतो. चांगला पाय वर उचलून खालून आडवा फोटो घेतात.

शेवटी अपघाताचे. झाडावरून पडलेला, विहिरीत कोसळलेला, बैलाने उचलून आपटलेला, ट्रॅक्टरखाली सापडलेला माणूस. इथे एकच नियम : यंत्र हलते, माणूस हलवायचा नाही. दवाखान्यात त्याला फळीवर तसाच ठेवून नळी त्याच्याभोवती फिरवितात; मानेचा फोटोही उताणा ठेवूनच कडेने घेतात. पण हे सगळे तो शेतातून कसा निघाला यावर अवलंबून असते. बखोटीला धरून उठवायचे, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवायचे आणि मग फोटोत मान पाहायची, याला काय अर्थ? १०८ ला फोन करा. ती गाडी येईपर्यंत डोके, मान आणि पाठ एका रेषेत राहील असे धरा. हलविल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर दार किंवा फळी घ्या आणि चार-पाच जणांनी एकदम उचला. मोडलेल्या हाताला आधार द्यायचा तर लाकडी पट्टी किंवा वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी चालते. लोखंडी पट्टीची सावली फोटोत आड येते. अंग चोळू नका, हाड ओढू नका. ओल्या लेपाचीही सावली पडते. आणि रक्त वाहत असेल, श्वास अडत असेल, तर 'आधी फोटो काढा' असा हट्ट धरू नका. आधी जीव, मग फोटो.

किरणांचे भय वाटते, तेही बोलू. छातीच्या एका फोटोत जेवढे किरण लागतात, तेवढे माती-आकाशातून आपल्या अंगावर थोड्याच दिवसांत येतात. गरजेचा फोटो टाळू नये. पण सीटी स्कॅनला त्याच्या कितीतरी पट किरण लागतात. म्हणून, विशेषतः मुलांसाठी, 'तेही एकदा काढून टाका' असा आग्रह आपण होऊन धरू नये. जुने फोटो जपून ठेवा आणि बरोबर न्या. त्याने कितीदा नवा फोटो वाचतो.

हे पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणि फोटोला जाताना मुलाचा करदोटा आणि ताईत, बाईच्या गळ्यातले आणि केसांतला आकडा घरीच उतरवून कोणाच्या तरी हाती द्या. मग खोलीत शिरल्यावर आपल्या तोंडून तीन गोष्टी निघाल्या पाहिजेत : कसे झाले, नेमके कुठे दुखते, आणि आधी काय काय केले. यंत्राला सावली दिसते. दुखणे कुठे आहे, ते आपणच सांगायचे असते.