धूर नसलेली घरे

भोपाळच्या श्यामला टेकडीवरील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय पदव्युत्तर वर्गासह पाहून आम्ही अकोल्यास परतलो, त्यास आता महिना होत आला. सहलीचा अहवाल सादर झाला, छायाचित्रे सूचनाफलकावर लागली. मात्र तेथे एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न त्या अहवालात कुठेच बसेना, म्हणून हे टिपण.

सुमारे दोनशे एकरांच्या त्या उतारावर, मोठ्या तलावाकडे तोंड करून, देशभरातील लोकसमूहांची घरे उभी आहेत. निलगिरीतील तोडांची आहेत, ईशान्येकडील नागांची आहेत, आणि आपल्याकडील वारल्यांचेही आहे. ती कुणा वास्तुविशारदाने आराखडा पाहून उभारलेली नाहीत. त्या त्या समाजातील माणसांना बोलावून, त्यांच्याच हातांनी ती बांधून घेण्यात आली. १९७७ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे हे शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते. मातीचे घर पेटीत घालून ठेवता येत नाही. ते बांधणारा हात असला तरच दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा उभे राहते.

वारली घराच्या कुडाला हात लावीत एक विद्यार्थी म्हणाला, "सर, समदं हाये, पण चुलीचा वास नाही येत." आम्ही कौतुकाने मान डोलावली. तेवढ्यात त्या मुलीने विचारले, "यात आपलं घर कोणतं?" आणि मागून कोणीतरी बोलले, "आपलं म्हणजे कोणाचं?" मुले हसली. आम्हांस हसता आले नाही.

पहिल्या मुलाचे म्हणणे आधी घेऊ. जपानमधील कावासाकी शहरात १९६७ साली 'निहोन मिन्का-एन' नावाचे लोकघरांचे उघडे संग्रहालय सुरू झाले. ठिकठिकाणची जुनी घरे सुटी करून तेथे आणली आणि पुन्हा जुळवली. आम्ही ते पाहिलेले नाही, केवळ वाचले आहे. पण वाचलेली एक गोष्ट मनातून जात नाही. त्या घरांच्या मधोमध जमिनीत चौकोनी चूल असते आणि स्वयंसेवक येऊन ती पेटवतात. पाहुण्यांना गंमत वाटावी एवढाच त्यात हेतू नाही. गवताच्या छपराला धूर लागला नाही तर कीड धरते, ओल धरते. म्हणजे वापर थांबला की घर मरू लागते, हे त्या लोकांनी ओळखले आहे. आपल्याकडेही चुलीच्या धुराने काळे झालेले वासे टिकत, हे आमच्या आजीला ठाऊक होते. तिने ते कुठे लिहून ठेवले नाही इतकेच.

शब्दांचेही असेच होत असावे. वऱ्हाडातील कथा-कादंबऱ्या शिकवताना सपरी, देवळी, कोठा, बंगई, उतरंड, बळद असे शब्द आले की वर्गात आम्हांला फळ्यावर चित्र काढावे लागते. ही मुले खेड्यांतूनच आलेली आहेत, पण त्यांची घरे आता सिमेंटची. कोनाड्याची जागा प्लास्टिकच्या रॅकने घेतली, तेव्हा 'देवळी' म्हणण्याचे कारणच उरले नाही. गावठाणाला 'पांढरी' आणि शेताला 'काळी' म्हणतात, हे त्यांनी ऐकलेले असते. मात्र त्या पांढऱ्या मातीनेच भिंती रचल्या जात, गढ्या उभ्या राहत, हे सांगितले की ती चकित होतात. आज गढीची माती ट्रॉल्या भरून नेली जाते. शब्दकोशात शब्द राहील, त्याला धूर लागणार नाही.

आता दुसरा प्रश्न. तो अवघड आहे. उद्या वऱ्हाडी घरांचे असे संग्रहालय कोणी काढलेच (काढावे, अशी आमची मागणी आहे), तर त्यात पहिले घर कोणाचे येईल? देशमुखांच्या वाड्याचे, हे सांगायला ज्योतिषी नको. सागवानी खांब, कोरीव तुळया, दिंडीदरवाजा. पाहणाऱ्याचे डोळे निवतील. पण वाड्याला वारस असतात, जुने फोटो असतात, दप्तरात कागद असतात. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील (१९६०) कौतिकचे घर कोणत्या दप्तरात सापडेल? गावकुसाबाहेरच्या झोपडीचे मोजमाप कोणी घेतले? तशी भिंत दोन पावसाळे न लिंपता सोडली की पुन्हा पांढरीत मिसळते. म्हणून सुरुवात तिच्यापासून व्हावी, वाडा मागाहून आला तरी चालेल. कादंबरीने ज्यांना उंबऱ्याच्या आत घेतले, त्यांना संग्रहालयाने कुंपणाबाहेर ठेवू नये. आणि भिंत लिंपायला ज्या बाया येतील, त्यांना मजुरीच्या यादीत न घालता जाणकार म्हणून मानधन द्यावे. मेळघाटातल्या कोरकूंच्या गावांत समोरासमोरच्या घरांच्या सरळ ओळी अजून दिसतात. तेथे असे हात आहेत.

असो. हे सांगणारे आम्ही कोण, असे वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच. आम्ही जठारपेठेत सदनिकांत राहतो. आजूबाजूची बैठी घरे एकेक करून पडत गेली, तेव्हा आम्ही पार्किंगची सोय कशी होईल तेवढेच पाहिले. आमच्यापैकी एकाने गावचे घर काही वर्षांपूर्वी विकले. जागा भावकीत गेली, लाकूड एका व्यापाऱ्याने उचलले. त्यातले चार खांब आता हमरस्त्यावरच्या एका 'खेडेगाव' थाटाच्या हॉटेलात उभे आहेत. आम्ही तेथे जेवलो आहोत. पिठलं-भाकरी बरी होती. खांब चकचकीत दिसत होते. घेताना व्यापाऱ्याने त्यांवरचा धुराचा थर नखाने खरवडून दाखवला होता, आणि तो काढायला मजुरी वेगळी पडेल म्हणून भाव पाडला होता.