ग्रिफिथ यांचे स्मरण आणि लिमरिक

आर्थर ग्रिफिथ यांच्या थोरवीविषयी आमचा वाद नाही. डब्लिनच्या छापखान्यात जुळारी म्हणून उमेदवारी केलेल्या या कॅथलिक पत्रकाराने 1899 पासून 'युनायटेड आयरिशमन' चालवले, 1905 मध्ये 'शिन फेन'ची पायाभरणी केली, 6 डिसेंबर 1921 च्या करारावर सही करून स्वकीयांचा रोष ओढवून घेतला आणि 12 ऑगस्ट 1922 रोजी, अवघ्या 51 व्या वर्षी, देह ठेवला. आमचा आक्षेप आहे तो या चरित्रातून 1904 हे साल गाळण्याला.

त्या वर्षी जानेवारीत लिमरिक शहरात फादर जॉन क्रे या रिडेम्प्टोरिस्ट धर्मगुरूंनी प्रवचनातून मूठभर ज्यू कुटुंबांवर आग ओकली. हप्त्याने माल विकणारे ते फेरीवाले! त्यांच्याशी व्यवहार तोडा, असा आदेश सुटला. वस्तीवर दगड पडले, उधारी बुडाली, अनेकांना गाव सोडावे लागले. ग्रिफिथ यांच्या पत्राने या बहिष्काराची पाठराखण केली.

'तो काळच तसा होता' ही सबब आम्हांस मान्य नाही. मायकल डॅव्हिट त्याच काळाचे, कॅथलिक, राष्ट्रवादी आणि पत्रकारही. लहानपणी गिरणीच्या यंत्रात उजवा हात गमावलेला हा माणूस 1903 मध्ये किशिनेव्हला जाऊन ज्यूंच्या कत्तलीचा वृत्तांत लिहून आला होता. लिमरिकची वार्ता कळताच त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर निषेध केला. बहिष्काराचे शस्त्र त्यांना परके नव्हते. 1880 मध्ये कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर ते चालवणाऱ्या लँड लीगचे डॅव्हिट संस्थापक होते. (इंग्रजीतील 'बॉयकॉट' हा शब्द तेव्हाचाच.) बलिष्ठावर उगारायचे शस्त्र फेरीवाल्याच्या पोटावर चालवणे त्यांच्या विवेकाला पटले नाही.

पुढे मायकल नॉयक हे ज्यू वकील ग्रिफिथ यांचे स्नेही झाले, हे त्यांचे चाहते आवर्जून सांगतात. जरूर सांगावे, पण त्या स्नेहाने लिमरिकच्या कुटुंबांची मोडलेली दुकानदारी उभी राहिली नाही.

आणि हा प्रश्न एकट्या ग्रिफिथ यांचा नाही. ती ठिणगी आमच्याच ख्रिस्तमंदिरातून पडली होती. ज्यूंविषयीच्या द्वेषाचा धिक्कार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये केला. लिमरिकला तो एकसष्ट वर्षे उशिरा पोहोचला. म्हणून धर्मग्रामाच्या सभागृहात ग्रिफिथ यांच्यावर व्याख्यान होईल तेव्हा वक्त्याने करारासोबत लिमरिकही सांगावे, आणि वेळ अपुरा पडत असेल तर स्तुतीचा भाग थोडा आखडता घ्यावा.